निळ्या कडेची दुर्बीण आणि देवयानी दीर्घिका

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विज्ञान मंडळातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)





सभागृहाच्या मागच्या भिंतीवर, चहाच्या टेबलाशेजारी, एक फोटो लावलेला आहे. आत येताना तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल, आणि बहुतेकांनी पाहून पुढे पाऊल टाकले असेल. त्यात आपल्या वाळवणाच्या सुपासारखा, लांबट, धुरकट डाग दिसतो. मधोमध तो जरा उजळ आहे, कडेला विरत गेलेला आहे. आजूबाजूच्या मोठ्या ताऱ्यांभोवती निळसर-जांभळी कडा आहे, आणि चारी कोपऱ्यांतले तारे गोल न दिसता ताणल्यासारखे दिसतात. एका पालकांनी तर मला विचारले, की छपाईत शाई पसरली का?

शाई पसरलेली नाही. ती देवयानी दीर्घिका आहे. तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. आपल्या आठवी-नववीच्या मुलामुलींनी शाळेच्या दुर्बिणीतून, शाळेच्या कॅमेऱ्याने तो फोटो घेतला आहे. आज मला त्या डागाविषयीच बोलायचे आहे. कारण मागच्या पालकसभेत या दुर्बिणीवरून बरीच चर्चा झाली. ती सदोष आहे, मोडीत काढावी, असे काहींचे मत पडले. काहींनी विचारले, की हेच चित्र मोबाइलवर शंभर पट सुंदर मिळते, तर मुलांनी रात्री जागण्याचे कारण काय? आणि मुलींच्या पालकांनी रात्रीच्या वेळेबद्दल काळजी व्यक्त केली. हे सर्व प्रश्न योग्य आहेत. त्यांना उत्तर मिळाले पाहिजे.

प्रथम दुर्बिणीच्या दोषाविषयी. आपली दुर्बीण वक्रीभवनी जातीची आहे, म्हणजे पुढे भिंग असलेली. भिंगाचा व्यास ८० मिलिमीटर आणि नाभीय अंतर ४०० मिलिमीटर. काच प्रकाशाला वाकवते, पण सर्व रंगांना सारखे वाकवत नाही. निळ्याला जास्त, तांबड्याला कमी. लोलकातून इंद्रधनुष्य दिसते ते याचमुळे. तोच लोलकाचा गुण भिंगात आला की तो दोष ठरतो. तांबडा प्रकाश एका जागी एकवटतो, निळा दुसऱ्या जागी, आणि ताऱ्याच्या बिंदूभोवती रंगीत कडा उमटते.

सतराव्या शतकातल्या लोकांनी यावर विलक्षण उपाय केला होता. भिंग जितके कमी फुगीर आणि नाभीय अंतर जितके लांब, तितका हा दोष कमी जाणवतो, म्हणून त्यांनी दुर्बिणीच लांब केल्या. डान्झिगच्या हेवेलियसची एक दुर्बीण दीडशे फूट लांब होती. ती उंच खांबाला दोर-कप्पीने टांगावी लागे आणि वाऱ्याने हलत असे. हा दोष काचेत कधीच सुधारता येणार नाही असे न्यूटनला वाटले, म्हणून १६६८ साली त्याने भिंग सोडून आरशाची दुर्बीण बनवली. न्यूटनसारख्याचाही अंदाज इथे चुकला. चेस्टर मूर हॉल या इंग्रज गृहस्थाने १७३० च्या सुमारास दोन वेगळ्या जातींच्या काचा, क्राउन आणि फ्लिंट, जोडून एकीचा दोष दुसरीने भरून काढता येतो हे दाखवले. पुढे १७५८ मध्ये जॉन डॉलंडने त्याचे पेटंट घेतले आणि अशा भिंगांचा धंदा नावारूपाला आणला.

आपल्या दुर्बिणीत अशीच जोडभिंगे आहेत. पण या जोडीने दोन रंग एका जागी येतात, सगळे येत नाहीत. साधारण हिशेब असा, की राहिलेला फरक नाभीय अंतराच्या दोन हजाराव्या भागाइतका असतो. ४०० मिलिमीटरला तो ०.२ मिलिमीटर झाला. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडते? पण आपल्या भिंगाच्या प्रमाणात प्रतिमा स्पष्ट राहण्याची खोली जेमतेम ०.०५ मिलिमीटर आहे. म्हणजे चूक मर्यादेच्या चौपट. जांभळा रंग तर त्याहूनही दूर जातो. भिंतीवरच्या फोटोतली निळी कडा म्हणजे हा ०.२ चा आकडा, डोळ्यांना दिसणारा. शाळेच्या पुस्तकात वक्रीभवनाचा धडा असतो. तो पाठ करणे वेगळे आणि त्याचा आकडा ताऱ्याभोवती उमटलेला पाहणे वेगळे.

दोष कमी करण्याचे उपाय मुलांनीच केले. पुठ्ठ्याचे कडे कापून भिंगाच्या तोंडावर बसवले आणि ८० चा व्यास ५५ वर आणला. कडा बरीच निवळली, परंतु प्रकाश निम्म्याहून कमी झाला, म्हणजे वेळ दुपटीहून जास्त द्यावा लागला. मग एका मुलीने फिकट पिवळी काच लावून पाहिली. तिने जांभळा रंग अडवला. त्यात गंमत अशी, की त्रास होतो तो तेजस्वी ताऱ्यांना. दीर्घिका हा पसरलेला, मंद प्रकाश आहे आणि तिचा गाभा जुन्या, पिवळसर ताऱ्यांचा आहे. म्हणजे ज्या वस्तूसाठी एवढा खटाटोप, तिला या भिंगाच्या दोषाची झळ सर्वांत कमी लागते. भिंग चांगले की वाईट हे त्यातून काय पाहायचे त्यावर ठरते.

याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. हैदराबादला नवाब जफर जंग यांनी १९०१ साली वेधशाळा उभारली. पुढे ती निजामिया वेधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. मराठवाड्याचे जिल्हे त्या वेळी त्याच संस्थानात होते, तेव्हा ही आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या राज्यातली गोष्ट म्हणायला हरकत नाही. तिथे आकाशाचे फोटो घेण्यासाठी ८ इंची भिंगाची खास दुर्बीण होती. सर्व जगाच्या वेधशाळांनी मिळून आकाशाचा नकाशा करण्याचे जे काम घेतले होते, त्यात उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला, आणि तेथील लोकांनी वर्षानुवर्षे काचेच्या प्लेटांवरचे तारे एकेक करून मोजले. अशा फोटोच्या दुर्बिणींची भिंगे मुद्दाम निळ्या प्रकाशासाठी घासलेली असत, कारण त्या काळच्या प्लेटांना निळाच रंग उत्तम दिसे. डोळा लावून पाहणाऱ्याला तीच भिंगे सदोष वाटली असती.

आता फोटो कसा घेतला ते थोडक्यात सांगतो. विद्यार्थी मित्रांनी इथे जरा कान द्यावा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सेकंदाला १५ विकला. देवयानी ध्रुवाच्या बाजूला कललेली असल्यामुळे तिचे सरकणे सेकंदाला सुमारे ११ विकला पडते. आपल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका, ज्याला पिक्सेल म्हणतात, २ विकला व्यापतो. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर एका सेकंदात तारा पाच-सहा ठिपके पुढे गेला! म्हणून दुर्बिणीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखून तिला पृथ्वीच्या उलट दिशेने, त्याच गतीने फिरवावे लागते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १७ अंश वर असतो. एखादे नारळाचे झाड, एखादी पाण्याची टाकी मध्ये आली की तो गडप. पहिल्या तीन रात्री मुलांच्या केवळ ध्रुवतारा शोधण्यात आणि आस जुळवण्यात गेल्या, एकही फोटो निघाला नाही. त्या तीन रात्री मला सर्वांत जास्त मोलाच्या वाटतात.

मोटरचे स्टँड महाग असते. ते आपण उसने आणले होते. पण ज्यांना स्वतः काही करून पाहायचे असेल त्यांनी बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या घ्याव्यात. बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर ६ मिलिमीटर जाडीचा, १ मिलिमीटर आट्याचा बोल्ट बसवावा, बिजागरी ध्रुवताऱ्याकडे रोखावी आणि घड्याळ पाहून तो बोल्ट मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवावा. वरची फळी आकाशाच्या गतीने उघडत जाते. ही युक्ती १९७५ पासून हौशी लोकांत प्रसिद्ध आहे. दुर्बीण तिच्यावर पेलणार नाही, पण साध्या ५० मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने त्यावरून देवयानी सहज उमटते. आपल्या गावच्या सुताराकडून हे काम दोनचारशे रुपयांत होते. २२.९ हा आकडा कुठून आला, हे मी सांगणार नाही. दहावीच्या मुलांनी तो काढून आपल्या विज्ञानाच्या सरांना दाखवावा.

पूर्वी फिल्म होती तेव्हा तासभर एकच फोटो घेत. त्यात फिल्मची एक खोड अशी, की मंद प्रकाशात काही मिनिटांनंतर ती आळसावे, दुप्पट वेळ देऊनही दुप्पट उजेड घेत नसे. हौशी मंडळी तिला हायड्रोजन मिसळलेल्या वायूत ऊब देऊन जागी करीत. आता आपण तीस-तीस सेकंदांचे शंभर फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचतो. खरा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, तो साठत जातो. कॅमेऱ्याचा खरखराट दर वेळी वेगळ्या जागी असतो, तो आपसात मिटत जातो. शंभर फोटोंनी चित्र शंभर पट नव्हे, दहा पट साफ होते; वर्गमुळाचा नियम आहे. ज्यांना वर्गमुळाचा व्यवहारात उपयोग काय असे वाटते त्यांनी लक्षात ठेवावे, की दहा पटीवरून वीस पटीवर जायला दोनशे नव्हे, चारशे फोटो लागतात.

इथे एक प्रसंग घडला, तो पालकांनी जरूर ऐकावा. फोटो तयार झाल्यावर मंडळातल्या एका हुशार मुलाने तो मोबाइलमधल्या एका सोयीतून काढला. पाच सेकंदांत डागाचे सुंदर चित्र झाले: चक्राकार भुजा, गुलाबी ठिपके, काळे पट्टे, निळी कडा नाहीशी. सगळी मुले हरखली. संमेलनात हेच लावू या, असे ठरत आले. तेवढ्यात एका मुलीने विचारले, की या भुजा आपल्या शंभर फोटोंपैकी कोणत्या फोटोत आहेत? शोधले तर एकातही नव्हत्या. त्या यंत्राने दुसऱ्यांच्या चित्रांवरून अंदाजाने भरल्या होत्या.

वाद बराच झाला. मुलाचे म्हणणे, की देवयानीला भुजा आहेत हे तर खरेच आहे, मग खोटे काय? त्याचा मुद्दा मला कमी दर्जाचा वाटत नाही. पिवळी काच लावणे चालते, शंभर फोटोंची बेरीज चालते, उजेड-अंधार कमीजास्त करणे चालते. मग हेच का चालत नाही? माझे मत मी त्यांना सांगितले. जे आपल्या भिंगातून आले त्याला चाळणी लावता येते, धान्य पाखडता येते. जे भिंगातून आलेच नाही ते सुपात टाकून पाखडले असे म्हणता येत नाही. शेवटी मुलांनी हात वर करून निर्णय घेतला आणि धुरकट डागच भिंतीवर लावला. त्याखाली तारीख, वेळ, भिंगाचा व्यास आणि फोटोंची संख्या लिहिली आहे. तो हुशार मुलगाच ते अक्षर सुंदर काढणारा आहे.

आणि खरा फोटोसुद्धा माणसाला फसवू शकतो. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स या इमारती बांधण्याचा व्यवसाय करणाऱ्या हौशी गृहस्थाने २० इंची आरशाच्या दुर्बिणीतून देवयानीचा फोटो घेतला. तिचे चक्रासारखे रूप माणसाने त्यात प्रथमच पाहिले. फोटो निर्दोष होता. पण त्यावरून निष्कर्ष काढला गेला तो असा, की तिथे एक नवी सूर्यमाला जन्माला येत आहे! ती आपल्या तारकासमूहाच्या बाहेरची, स्वतंत्र दीर्घिका आहे हे कळायला ऑक्टोबर १९२३ उजाडावा लागला. एडविन हबलला माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीच्या प्लेटवर तिच्यातला एक कमीजास्त होणारा तारा सापडला आणि त्यावरून अंतर काढता आले. हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी अशा ताऱ्यांचा जो नियम शोधून ठेवला होता, त्यावरच हबलचा हिशेब उभा होता. त्याने अंतर काढले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. आज आपण २५ लाख म्हणतो. आकडा चुकला, तरी दीर्घिका बाहेरची आहे हा निर्णय अबाधित राहिला. पुढे वॉल्टर बाडे याने तो आकडा दुरुस्त केला. त्याचे महत्त्वाचे फोटो दुसऱ्या महायुद्धात निघाले. शेजारच्या लॉस एंजलिस शहराचे दिवे युद्धामुळे मंद केले होते, त्या अंधाराचा त्याला फायदा झाला.

आपल्याकडच्या पालकांना मला आणखी एका माणसाविषयी सांगायचे आहे. एडवर्ड बर्नार्ड, अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा, जन्म १८५७. बाप जन्मापूर्वीच वारलेला, घरी अठरा विश्वे दारिद्र्य, शाळेचे तोंड फारच थोडे दिवस पाहिलेले. नवव्या वर्षी तो एका फोटोच्या दुकानात कामाला लागला. काम काय, तर छपरावर फोटो मोठे करण्याचे एक अवजड यंत्र होते, ते सूर्याच्या उजेडावर चाले. ते दिवसभर हाताने सूर्याकडे वळवत राहायचे. आधीची मुले उन्हात डुलक्या घेत, हा पोरगा घेत नसे. मोठेपणी त्याने पगाराचा मोठा भाग घालून ५ इंची दुर्बीण घेतली, धूमकेतू शोधले, त्यांच्या बक्षिसाच्या पैशांतून घर बांधले आणि पुढे लिक वेधशाळेत नोकरीला लागला. तिथे त्याने आकाशगंगेचे जे फोटो काढले ते आजही अभ्यासकांना ठाऊक आहेत. ते कशाने काढले? माणसांचे फोटो काढण्याच्या एका जुन्या भिंगाने, सेकंडहँड घेतलेल्या. तासन् तास डोळा लावून, हाताने दुर्बीण ताऱ्याबरोबर सरकवत. लहानपणी छपरावर सूर्याबरोबर यंत्र फिरवणारा हात तोच होता.

दुर्बीण नव्हती तेव्हाही देवयानी माणसाला दिसलेली होती. तिची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद अब्दुर्रहमान अस-सूफी यांची आहे. त्यांनी ९६४ साली ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात या जागी लहानसा ढग असल्याचे नोंदवले. त्यांनी टॉलेमीचा ग्रंथ पुढे ठेवला होता, पण ताऱ्यांचे तेज मात्र स्वतः पाहून पुन्हा लिहिले, आणि जिथे फरक आढळला तिथे फरक नोंदवला. प्रत्येक राशीचे चित्र दोनदा काढले, एक जमिनीवरून दिसते तसे आणि एक गोलावर दिसते तसे. हे नाव आपल्या सभांतून अभिमानाने घेतले जाते. अभिमान चांगलाच, पण त्या माणसाने केलेले काम करायचे तर अंधारात उभे राहावे लागते.

उत्तराभाद्रपदेच्या ताऱ्याला आजही जगभर अल्फेरात्झ म्हणतात. मदरशात अरबी शिकणाऱ्या मुलांना त्यातला फरस म्हणजे घोडा ओळखता येईल. त्याच्या पुढचा मिराक हा शब्द अरबी मिअझरचा, म्हणजे कमरेच्या वस्त्राचा, अपभ्रंश. आपल्या मराठीतली इजार त्याच घराण्यातली! या मिराकपासून वर दोन लहान ताऱ्यांच्या पायऱ्या मोजा. दुसऱ्या पायरीच्या शेजारी देवयानी आहे. नोव्हेंबरअखेर रात्री आठ वाजता ती उत्तरेला, डोक्याच्या जरा खाली येते. चांदणे अजिबात नको, म्हणून चांद्र महिन्याच्या शेवटच्या चारपाच रात्री उत्तम. ज्या घरांत महिनाअखेर सगळे मिळून चंद्रकोर शोधतात, त्या घरांतल्या मुलांना क्षितिज न्याहाळण्याची सवय वेगळी शिकवावी लागत नाही.

राहिला मुलींचा प्रश्न. रात्र म्हणजे मध्यरात्र नव्हे. मगरिबनंतर मांडणी, इशानंतर दीड-दोन तास काम, दहाच्या आत सर्व घरी. दोन शिक्षिका हजर असतात. मुलीबरोबर आई, वडील, भाऊ, ज्यांना यायचे त्यांनी यावे. जागा भरपूर आहे. पुठ्ठ्याचे कडे, पिवळी काच आणि भुजांविषयीचा तो प्रश्न, या तिन्हींपैकी दोन गोष्टी मुलींच्या आहेत, हे मी सहज नमूद करतो.

दुर्बीण विकावी का, याचा निर्णय कार्यकारिणी पुढच्या बैठकीत घेईल. नवी निर्दोष भिंगाची दुर्बीण घ्यायची तर आजच्या भावाने रक्कम मोठी आहे, आणि मला विचाराल तर ती रक्कम आधी प्रयोगशाळेच्या गळक्या छपराला द्यावी. जुनीला फक्त फोकसचा ढिला स्क्रू बदलून हवा आहे. तोपर्यंत ती कपाटात न ठेवता वापरात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. एक सूचना मात्र कडक आहे: दिवसा ही दुर्बीण सूर्याकडे कोणीही, एका क्षणासाठीही, वळवू नये, डोळा कायमचा जातो. किल्ली प्रयोगशाळेच्या शिक्षकांकडेच राहील.

पुढच्या चांदण्याविरहित आठवड्यात, शनिवारी, शाळेच्या मागच्या मैदानात आपण जमणार आहोत. दव पडते, तेव्हा डोक्याला काहीतरी बांधून यावे आणि मोबाइलचे दिवे बंद ठेवावेत. पालकांसाठी चटया घातलेल्या असतील. सुरुवातीला डाग दिसत नाही. दहा मिनिटे अंधारात थांबा, मग थेट न पाहता जरा बाजूला नजर ठेवा, म्हणजे तो आपोआप उमटतो.